सायकल आणि मोटारगाडीची धडक : कुठे होते, कशामुळे होते, काय टाळता येतं
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांत रोज सायकल चालवणारे, मुलांना सायकलवर शाळेत धाडणारे आणि गाडी चालवताना सायकलवाला दिसला की बिचकणारे, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अपघातानंतरच्या जबाबात ‘सायकलवाला अचानक आडवा आला’ हे वाक्य हमखास येतं. त्या ‘अचानक’च्या मागे बहुतेकदा एक खड्डा, एक उघडलेलं दार, सलग दुभाजक नाहीतर बंद पथदिवा असतो. तो शोधल्याशिवाय पुढचा अपघात टळत नाही, म्हणून उत्तरं थोडी लांब झाली आहेत.

अशा धडका मुख्यतः कुठे होतात?

शहरात चौकात आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथे कोणीतरी वळत असतं. हायवेवर आणि गावांच्या मधल्या रस्त्यांवर सरळ पट्ट्यात, मागून. चौकातल्या धडका संख्येने जास्त असतात, पण तिथे वेग कमी असल्याने माणूस वाचण्याची शक्यताही जास्त असते. मागून बसलेली धडक जिवावर बेतते.

देशाचा हिशोब पाहिला तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलस्वार साधारण तीन टक्के, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. टक्का लहान वाटतो, पण ही माणसं कोण असतात ते पाहा. पहाटे दूध घालणारा, रात्रपाळीहून परतणारा वॉचमन, बांधकामावरचा मिस्त्री, आठवी-नववीतली मुलगी. २०११ च्या जनगणनेत कामावर सायकलने जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्के होतं. सायकल अजूनही हौसेपेक्षा गरजेचंच वाहन आहे, आणि रस्ता आखताना नेमका याच माणसाचा विसर पडतो.

चौकात नेमकं काय चुकतं?

सगळ्यात नेहमीचा प्रकार असा. तुम्ही डाव्या कडेने सरळ निघालात. मागून आलेली कार तुम्हाला ओलांडते आणि लगेच डावीकडे वळते. तिच्या मते ती पुढे निघून गेलेली असते, पण सायकलचा वेग ताशी १५-२० किलोमीटर असतो आणि वळण्यासाठी कार मंदावते. दोघं एकाच जागी पोचतात. इंडिकेटर दिलेला असला तरी तो गाडीच्या बाजूला असलेल्या सायकलस्वाराला दिसेलच असं नाही.

गाडी चालवणाऱ्याने करायची गोष्ट सोपी आहे. वळण पन्नासेक मीटरवर असेल तर सायकलला ओव्हरटेक करू नका, तिच्या मागे राहून वळा. पाच-सात सेकंद जातात, त्याहून जास्त नाही. सायकलस्वाराने चौकाजवळ येताना गाडीच्या डाव्या बाजूच्या फटीत शिरू नये. एकतर गाडीच्या पूर्ण पुढे राहावं, जिथे चालकाला तुमची पाठ दिसते, नाहीतर मागे.

दुसरा प्रकार समोरून उजवीकडे वळणाऱ्या गाडीचा. समोरून फक्त सायकलच येतेय म्हटल्यावर चालक ‘एवढ्यात निघून जाऊ’ असा अंदाज बांधतो. सायकल म्हणजे हळू, असं डोक्यात बसलेलं असतं. उतारावरून ताशी ३० ने येणारी सायकल त्या अंदाजात बसत नाही.

ट्रक, डंपर आणि बस यांच्यापासून वेगळी काळजी का घ्यायची?

कारण तिथे चूक सुधारायला जागाच उरत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. मोठ्या ट्रकची केबिन उंच, काचेची खालची कड चालकाच्या छातीशी. डाव्या दरवाजाच्या खाली आणि बंपरच्या अगदी पुढे जो पट्टा असतो, तिथला सायकलस्वार त्याला काचेतून दिसत नाही, आरशातही कधी दिसतो, कधी नाही. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा. वळताना तो डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून दरवाजावर थाप मारायचा आणि ‘थांब थांब’ किंवा ‘जाऊ दे’ ओरडायचा. ती थाप म्हणजे चालकाचा डावा डोळा होता. आता अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो, आणि त्या डोळ्याच्या जागी दुसरं काही बसवलेलं नसतं.

त्यात लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने वळत नाहीत, आतून जातात. पुढचं चाक तुमच्यापासून दोन मीटर लांबून गेलं म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि मागची जोडचाकं कोपरा कापत थेट फुटपाथच्या कडेला येतात. तोवर एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला फुटपाथचा दगड, आणि मधली फट कमी कमी होत जाते. बाजूने माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून ट्रकच्या कडेला आडवे संरक्षक पट्टे असावे लागतात. बांधकामावरच्या डंपरचे ते वाकलेले, तुटलेले किंवा काढून ठेवलेले दिसले तर तो काही किरकोळ बिघाड नव्हे. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकला केबिनमधून चालकाला थेट किती दिसतं यावर तारे देतात, आणि मार्च २०२१ पासून किमान ताऱ्यांशिवाय किंवा जास्तीच्या सुरक्षा उपकरणांशिवाय शहरात चालवता येत नाही. आपल्या शहरांत मेट्रो, पूल, टॉवर यांच्या कामांवर दिवसभर डंपर फिरतात. असा नियम इथेही हवा, यात मला शंका वाटत नाही.

बसचं थोडं वेगळं आहे. ती स्टॉपला लागण्यासाठी डावीकडे येते आणि लगेच उजवीकडे निघते. थांबलेल्या बसच्या डाव्या बाजूने सायकल कधीच काढू नका, उतरणारे प्रवासी तिकडेच उतरतात. उजवीकडून जायचं तर आधी मागे पाहा. बसचा उजवा इंडिकेटर लागला असेल तर तिला जाऊ द्या.

हायवेवर मागून धडक का बसते? रस्ता तर मोकळा असतो.

मोकळा असतो म्हणूनच. हिशोब करून पाहा. सायकल ताशी १५, मागून येणारी ट्रॅव्हल्स ताशी ८०. फरक ६५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. रात्री डिपरवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली असताना, गडद कपड्यातला माणूस साधारण ३०-४० मीटरवरून नजरेत येतो. म्हणजे हाताशी दोन सेकंद. त्यातला दीड सेकंद ‘हे काय आहे’ हे ओळखून पाय ब्रेकवर जाण्यात जातो. उरलेल्या अर्ध्या सेकंदात काहीही होत नाही.

समोरच्या गाडीच्या अप्परने डोळे दिपले असतील, चालक सलग रात्र चालवून पेंगुळलेला असेल, तर तेवढेही मिळत नाहीत. पहाटेची वेळ यासाठीच वाईट. सायकलवाले व्यायामाला आणि दूधवाले रतिबाला त्याच वेळी निघतात, आणि रात्रभर चालवणारे चालक तेव्हाच घाईत असतात. पेंटियम प्रोसेसर घडवणाऱ्यांपैकी एक, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी यांचा मृत्यू २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर असाच झाला. सोबत्यांबरोबर सायकल चालवत असताना मागून टॅक्सीने धडक दिली. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता होता तो.

साखर कारखान्यांच्या हंगामात आणखी एक भर पडते. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिला चुकवायला भरधाव गाडी एकदम साइडपट्टीवर उतरते, आणि तिथून सायकल चाललेली असते.

वेग थोडा कमी झाल्याने खरंच फरक पडतो?

माझ्या मते या सगळ्या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. कोरडा डांबरी रस्ता, चांगले ब्रेक, आणि चालकाला भानावर यायला दीड सेकंद, असं धरा. ताशी ३० ने चाललेली कार धोका दिसल्यापासून साधारण साडेसतरा मीटरवर पूर्ण थांबते. ताशी ५० ने चाललेली कार त्या दीड सेकंदातच २१ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली कार जिथे उभी राहिली, त्या जागी दुसऱ्या कारच्या चालकाने अजून ब्रेकला पायही लावलेला नसतो. १८ मीटरवर सायकल असेल, तर एक कार तिच्या अलीकडे थांबेल आणि दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने तिला उडवेल. चालक तेवढाच सावध, गाडी तीच. २० किलोमीटरचा फरक, बस्स.

आणि आघाताचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. ३० चे ५० झाले की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींच्या वर जाते.

२०२२ च्या त्याच सरकारी अहवालात ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले आहेत. पण अतिवेग हा फॉर्मवर खूण करायचा एक रकाना आहे. रस्ता इतका रुंद आणि सरळ आखला की कोणीही ७० ने जाईल, तर दोष एकट्या चालकावर टाकून भागत नाही. शाळा, बाजार, वस्ती यांच्या आत ३० ची मर्यादा आणि ती पाळायला भाग पाडणारा रस्ता, म्हणजे अरुंद लेन, उंचावलेली क्रॉसिंग, तीव्र वळणाचे कोपरे, हे दोन्ही एकत्र लागतं. नुसता फलक लावून काही होत नाही.

‘मला सायकलवाला दिसलाच नाही’ असं चालक म्हणतात. खोटं बोलतात का?

दरवेळी नाही. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यांच्या आड सायकलस्वार पूर्ण लपू शकतो. गाडी आणि सायकल दोघंही ठराविक वेगाने एकाच बिंदूकडे निघाली असतील तर सायकल त्या खांबाआडून बाहेरच येत नाही, कारण चालकाच्या नजरेत तिची दिशा बदलत नाही. जे हलत नाही ते डोळा टिपत नाही. शिवाय आपण डोकं झर्रकन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला फिरवतो, तेव्हा मधल्या टप्प्यातलं चित्र मेंदू टिपतच नाही. चालक बसगाडी शोधत असतो, कार शोधत असतो. सायकल त्याच्या शोधात नसते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. चौकात निघण्यापूर्वी मान दोनदा वळवा, आणि धड पुढे-मागे हलवून खांबाच्या पलीकडे पाहा. ‘दिसला नाही’ हे कारण समजण्यासारखं आहे. त्याने जबाबदारी जात नाही.

उभ्या गाडीचं दार अंगावर आलं तर?

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एक दाराएवढं अंतर, म्हणजे किमान एक मीटर, सोडून चालवा. मागून हॉर्न वाजला तरी आत सरकू नका. दार लागून पडलेला सायकलस्वार उजवीकडे, चालत्या रहदारीत पडतो, आणि खरी इजा दारापेक्षा मागून येणाऱ्या गाडीने होते.

गाडीतल्यांसाठी नेदरलँड्समधली एक सवय उचलण्यासारखी आहे : दार लांबच्या हाताने उघडा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तर त्याने दार डाव्या हाताने उघडावं. खांदा आपोआप वळतो आणि नजर आरशाकडे व मागे जाते. कॅब रस्त्याच्या मध्येच थांबवून प्रवासी डावीकडचं दार उघडतात, तेव्हा कडेच्या फटीतून येणारी सायकल थेट त्यावर आदळते. मागे बसलेल्यांना, विशेषतः मुलांना, हे आवर्जून सांगा.

अगदी कडेने चालवणं सगळ्यात सुरक्षित नाही का?

नाही. आपल्या रस्त्यांची कड म्हणजे चेंबरची खाली गेलेली झाकणं, लांब फटींच्या जाळ्या, वाळू, काचा, आणि काँक्रीट-डांबराच्या जोडावरची बोटभर उंचीची धार. ती धार तिरकी ओलांडायला गेलं की सायकल घसरते. कडेला चिकटून चालणारा माणूस दर वीस-पंचवीस मीटरला काहीतरी चुकवायला उजवीकडे येतो, आणि तेच ‘अचानक आडवा आला’ म्हणून नोंदलं जातं.

कडेपासून साधारण एक मीटर आत, एका रेषेत चालवा. चुकवायला डावीकडे जागा राहते, आणि मागच्या गाडीला तुम्ही पुढे काय कराल याचा अंदाज येतो. गाडीवाल्यांनीही ओलांडताना दीड मीटर सोडावं. जर्मनीत शहराच्या आत कायद्याने तेवढं सोडावं लागतं, शहराबाहेर दोन मीटर. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं.

राँग साइडने थोडं अंतर गेलं तर काय बिघडतं?

गल्लीतून बाहेर येणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून येणारी सायकल त्याच्या हिशोबातच नसते. शिवाय समोरासमोरच्या धडकेत वेगांची बेरीज होते. सायकल २०, मोटार ४०, तर आघात ६० चा. योग्य बाजूने असता तर २० चा.

पण लोक हौसेने राँग साइड जात नाहीत. एक-दीड किलोमीटर दुभाजकाला तोंड नसेल, तर समोरच्या दुकानात जायला तीन किलोमीटर पायंडल कोण मारेल? दुभाजक घालताना पायी आणि सायकलने ओलांडायची जागा सोडणं ही आखणाऱ्याची जबाबदारी आहे.

सायकल ट्रॅक असताना सायकलवाले रस्त्यावर का येतात?

ट्रॅकवर एकदा सायकल घेऊन जा, म्हणजे कळेल. पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाली, तिच्यासोबत ट्रॅकही आले. तेव्हापासून शहरात अनेक ठिकाणी ट्रॅक झाले, पण मध्येच विजेचा डीपी बॉक्स, झाड, उभ्या दुचाकी, भाजीची गाडी. दर सोसायटीच्या गेटला चढ-उतार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो. जिथे संरक्षण सगळ्यात जास्त हवं, तिथेच सायकलस्वार वळणाऱ्या गाड्यांमध्ये येऊन पडतो. इतका वेळ पार्किंगच्या आड असल्याने चालकांना तो आहे हेच माहीत नसतं.

चांगल्या ट्रॅकची परीक्षा चौकात होते. ट्रॅक त्याच पातळीवर, वेगळ्या रंगात चौक ओलांडतो का, वळणाऱ्या गाडीला तिथे हळू व्हावंच लागेल असा कोपरा आहे का, एवढं पाहा.

हेल्मेटने जीव वाचतो का?

डोक्याच्या इजेत नक्की मदत होते, जरूर घाला. पण युरोपीय मानकात सायकलच्या हेल्मेटची सपाट पृष्ठभागावरची चाचणी ताशी जेमतेम २० किलोमीटरच्या आघाताची असते. स्वतःच तोल जाऊन पडलात तर ते कामी येतं. ६० च्या गाडीची धडक झेलण्यासाठी ते बनलेलं नाही. ‘हेल्मेट नव्हतं ना?’ हा प्रश्न अपघातानंतर फार लवकर येतो, त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं. भारतात सायकलस्वाराला हेल्मेटची सक्तीही नाही.

दिवे कोणते लावावेत?

मागे लाल, पुढे पांढरा, दिवसाही चालू. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये अठराशेहून जास्त सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवून वर्षभर पाहिलं. सायकलस्वाराला इजा झालेले अपघात दिवे नसलेल्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघाले. मागचा दिवा कॅरियरवरच्या पिशवीखाली किंवा शर्टाच्या टोकाखाली झाकला जात नाही ना, हे रोज पाहा.

पैसे फारच कमी असतील तर पायंडलचे रिफ्लेक्टर आणि घोट्याभोवती चमकणारी पट्टी घ्या. वर-खाली हलणारी चमक पाहून मागच्याला हा माणूस आहे हे चटकन ओळखू येतं. दूधवाल्यांनी कॅनच्या मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवावी.

पावसाळ्यात वेगळं काय?

पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते कळत नाही, त्यामुळे जो तो चुकवतो. रिमवर दाबणारे ब्रेक ओल्यात उशिरा लागतात, आधी रबर पाणी पुसतं, मग धरतं. उतारावर अधूनमधून ब्रेक हलके दाबून रिम कोरडी ठेवा. रेनकोटची टोपी घातली की मागे वळून पाहता येत नाही, त्याऐवजी डोक्याला घट्ट बसणारी टोपी वापरा.

मुलांना कधीपासून रस्त्यावर सोडावं?

मला विचाराल तर दहा वर्षांखालच्या मुलाला मुख्य रस्त्यावर एकटं सोडू नये. सायकल येते, तोल येतो, पण समोरून येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज त्या वयात येत नाही.

ग्रामीण भागात हा निवडीचा प्रश्नच नसतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकार सायकली देतं. त्यामुळे कितीतरी मुलींची शाळा सुटायची वाचली, इतकी चांगली योजना क्वचित सापडते. पण त्या मुली राज्य मार्गाच्या कडेने, तिघी-तिघी शेजारी गप्पा मारत जातात, आणि कडेला साइडपट्टी नसते. सायकलीसोबत मागचा दिवा आणि शाळेपर्यंत साइडपट्टी, हे दोन्ही मागायला पालकांनी ग्रामसभेत उभं राहावं. ओढणी बांधलेली आणि चेनकव्हर धड असणं हेही बघा.

धडक झाली तर लगेच काय करायचं?

माणसाला रस्त्यावरून ओढत हलवू नका, आधी मागची रहदारी थांबवा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. चालकावर मात्र जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. मे २०२५ पासून मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचारांची योजना लागू आहे, रुग्णालयात तिचं नाव घेऊन विचारा.

सायकल दुरुस्तीला टाकू नका. वाकलेलं चाक आणि त्यावर लागलेला गाडीचा रंग हा पुरावा असतो. खड्डा, बंद पथदिवा, उभी ट्रॉली यांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो. दुकानांच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवण्याबद्दल पोलिसांना लेखी द्या.

सायकलचा विमा नसतो. भरपाई मिळते का?

मिळते, कारण इथे मोटारीचा विमा लागू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. जास्त नुकसान असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि सायकलस्वाराचीही काही चूक निघाली तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, हे वकील भेटेपर्यंत अनेकांना माहीत नसतं.

गाडी पळून गेली असेल तर मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर इजेसाठी ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा.

खड्डा किंवा धोकादायक चौक दिसला तर तक्रार कुठे?

शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला, राज्य मार्गावर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात जागा नेमकी लिहा : कोणत्या दिशेला, कोणत्या खांबाजवळ, कडेपासून किती फुटांवर. आणि सायकलस्वाराला तिथे उजवीकडे का यावं लागतं ते एका वाक्यात लिहा. उद्या तिथे कोणी जखमी झालं आणि जबाबात ‘अचानक’ लिहिलं गेलं, तर त्याच्या वकिलाला तुमची तारखेची पोच कामी येईल.